करवत कुठून फिरवायची

चिंचवडच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये माझी सगळी नोकरी झाली. जिग, फिक्श्चर, डाय आणि दिवसभर मायक्रॉनचा हिशेब. निवृत्तीनंतर हात स्वस्थ बसेनात, म्हणून एक फ्रेटसॉ आणली आणि जुन्या कॅलेंडरांवरची चित्रं सहा मिलिमीटरच्या प्लायवर चिकटवून त्यांची पझल कापायला लागलो. पहिलं गिऱ्हाईक घरचंच, माझी नात. मग सोसायटीतली पोरं येऊ लागली. आता संध्याकाळी गॅलरीतल्या बाकड्याभोवती दुडदुडणाऱ्यांपासून मिसरूड फुटू लागलेल्यांपर्यंत सगळा गोतावळा असतो.

या उद्योगात चित्र कुठलंही चालतं. अक्कल लागते ती करवत कुठून फिरवायची हे ठरवायला, आणि ते ठरतं समोरच्या मुलाच्या वयावर.

नात दीड वर्षाची असताना तिला करून दिलं त्याला पझल म्हणायला काहींचा जीव होणार नाही. एका फळीत तीन खड्डे: गोल, चौकोन, त्रिकोण. प्रत्येक तुकड्याला ड्रॉवरची लाकडी मूठ. टूलरूममध्ये घट्ट फिट म्हणजे कौतुक; इथे मी चांगली दोन मिलिमीटर मोकळीक ठेवली आणि कडा पॉलिश पेपरने घासून गोल केल्या. तुकड्याच्या मापाला मात्र सवलत नाही. कॅमेऱ्याच्या रोलची जुनी प्लास्टिकची डबी मी जपून ठेवली आहे. तिच्यात जो तुकडा मावतो तो घशातही अडकू शकतो, म्हणून तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती तो जात नाही.

ती मूठ धरायला अंगठा आणि दोन बोटं लागतात, पुढे पेन्सिल धरायला लागतात तीच. पण मला गंमत वाटली ती मनगटाची. गोल कसाही धरला तरी बसतो, त्यामुळे तो पहिल्यांदा जमला. चौकोनाशी मात्र युद्ध. खड्ड्यावर ठेवायचा आणि दाबायचा. बसला नाही की आणखी जोरात दाबायचा, वर माझ्याकडे बघून ओरडायचं, की तुमच्या फळीतच खोट आहे. दोन वर्षांची होत आली तसा फरक पडला. तुकडा टेकवून ती तो जागच्या जागी घोळवू लागली, टक्‌ आवाज येईपर्यंत. आणखी काही महिन्यांनी त्रिकोण वाटेतच, हवेत असताना वळायला लागला. फळीपर्यंत पोहोचेतो त्याचं टोक बरोबर दिशेला. म्हणजे तुकडा बसण्याआधीच तो कसा बसणार हे तिला दिसत होतं. नवीन फिटरला हे शिकवताना मी वर्षवर्ष घालवलं आहे.

मारिया माँटेसरींच्या मुठीच्या दंडगोलांमध्ये हीच युक्ती आहे. प्रत्येक दंडगोल आपल्याच भोकात नीट बसतो, त्यामुळे चुकलं हे लाकूडच सांगतं, बाईंना सांगावं लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडकडे, म्हणजे आपल्या डहाणू तालुक्यात, आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. त्यांनी महागड्या साधनांच्या जागी खडे, बिया, शिंपले, पानं वापरली. महागडी खोकी घेऊन माझ्याकडे सल्ला मागायला येणाऱ्या आईबापांना मी हे आवर्जून सांगतो. ऐकतात, आणि खोकं घेतातच.

तीन-चार वर्षांच्यांसाठी एसटीचं चित्र मी सहा तुकड्यांत कापतो. एक चाक अख्खं एका तुकड्यात, ड्रायव्हरची खिडकी दुसऱ्यात. आभाळ आणि रस्ता शक्यतो तोडायचा नाही. नुसत्या निळ्या तुकड्यावरून या वयाच्या मुलाला काही सुचत नाही. आणि इथे एक मजा दिसते. तिशी ओलांडलेल्या आपल्याला वाटतं की पोरं चित्र बघून जोडतात. तीन वर्षांची बहुतेक बघत नाहीत! ती कडेला कड लावून बघतात, बसली तर बसली. मग पझलवर एसटीचं चाक टपावर का जाईना. चौथ्या वर्षाच्या आसपास कधीतरी चित्र आपण होऊन कामाला येतं. एकदा मी सगळे तुकडे पालथे करून दिले, कोऱ्या प्लायची बाजू वर. धाकट्यांनी काही तक्रार न करता खटपट सुरू केली. बालवाडीच्या मोठ्या गटातली एक मुलगी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "आजोबा, असं कुणी करतं का?"

या वयाबद्दल एक अभ्यास माझ्या मुलीने मला वाचायला पाठवला होता. शिकागो विद्यापीठाच्या सुसान लेव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 53 मुलांच्या घरी ठरावीक काळाने जाऊन, 26 ते 46 महिन्यांच्या वयात ती आईबापांसोबत काय खेळतात याचं चित्रीकरण केलं. मुलं 54 महिन्यांची झाल्यावर त्यांना आकार मनातल्या मनात फिरवून जुळवायला दिले. पझल खेळणारी मुलं त्यात सरस ठरली, जास्त वेळा खेळणारी जास्त सरस. 2012 साली हे छापून आलं. पझलमुळेच असं झालं, हे एवढ्यावरून म्हणता येत नाही. मूल सगळ्याच बाबतींत हुशार होतं असं तर मुळीच नाही. खोक्यावर काहीही छापलेलं असो. पण त्याच अभ्यासातला दुसरा भाग मला जास्त लागला. मुलग्यांच्या हातात अवघड पझल होती, आणि त्यांच्याशी खेळताना मोठ्यांचा सहभागही जास्त होता. आमच्या सोसायटीत वेगळं काय चाललंय? "तिला सोपंसं द्या हो, मुलगी आहे," हे वाक्य याच बाकड्यासमोर मी ऐकलेलं आहे, तेही एका इंजिनिअर बाईंच्या तोंडून.

मोठ्यांनी काय करायचं, हे मला आमच्या शेजारच्या वहिनींकडून कळलं. त्या स्वेटर विणत बसतात, हात अडकलेले. त्यामुळे "दे इकडे, मी लावते" हे त्यांना शक्यच नसतं. नुसतं बोलतात: "सरळ कड कुठाय बघ. आता उलटा कर. जरासा फिरव. चाकाच्या वर काय असतं?" कोपरा, कड, आत, तिरका, उलटा हे शब्द पोरांच्या तोंडी असे बसतात की पुढे भूमितीच्या बाईंना बरं वाटावं.

प्राथमिक शाळेतल्यांसाठी मी महाराष्ट्राचा नकाशा कापला, जिल्ह्याजिल्ह्यांच्या सीमेवरून. ही कल्पना काही माझी नाही. 1760च्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी याने नकाशे लाकडावर चिकटवून देशांच्या सीमांवरून कापले, भूगोल शिकवायला. पहिली जिगसॉ पझल म्हणून त्यांचंच नाव घेतात. माझ्याकडचा नकाशा जुना होता. चौथीतला एक मुलगा, आजोळ डहाणूचं, ठाण्याचा तुकडा हातात धरून अडून बसला. "डहाणू ठाण्यात नाही, पालघरमध्ये आहे." बरोबर होतं त्याचं, 2014 साली पालघर वेगळा झाला. लगेच पेन्सिलची रेघ मारून ठाण्याचे दोन केले. या वयात पोरं धोरणाने खेळतात: आधी कडेचे जिल्हे वेगळे काढायचे, सिंधुदुर्ग आणि गडचिरोली टोकांना ठेवायचे, मग आत शिरायचं. सोलापूरचे शेजारी कोण हे पाठ करावं लागत नाही. मुंबई शहराचा तुकडा मात्र नखाएवढा, बाकड्याखाली कायमचा हरवलेला.

दहाच्या पुढे लाकूड कमी आणि डोकं जास्त. रुबिकच्या क्यूबचं वेड येतं. फॉर्म्युले पाठ करून मिनिटाच्या आत लावणारे आमच्याकडे आहेत. बोटांचा सराव उत्तम, पण कोडं त्यातून निघून गेलेलं असतं, असं माझं मत. एर्नो रुबिकला स्वतःचा क्यूब पहिल्यांदा लावायला महिनाभर लागला होता. अशा पोरांना मी द. रा. कापरेकरांचं कोडं घालतो. कापरेकर जन्माने डहाणूचेच, देवळालीला शाळामास्तर. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, उत्तराचं पुन्हा तेच. आठवीतल्या एका मुलीने आपलं जन्मसाल घेतलं, 2013. 3210 वजा 0123, आले 3087. 8730 वजा 0378, आले 8352. 8532 वजा 2358, आले 6174. आणि मग 7641 वजा 1467, पुन्हा 6174. तिने पालघरचं 2014 घातलं, तर सात पायऱ्या लागल्या. सातापेक्षा जास्त कधीच लागत नाहीत. वहीचं पान भरून झाल्यावर विचारलं, "पण का?" उत्तर मी दिलं नाही.

तीच मुलगी हल्ली आपल्या तीन वर्षांच्या भावासाठी पझल कापते. तिचं आणि माझं चाकावरून वाजलं. ती म्हणते, चाक मधोमध कापलं तर दोन अर्ध्या गोलांवरून त्याला लवकर कळेल. मी म्हणतो, अख्खंच ठेव. दोन्ही करून भावापुढे ठेवायचं ठरलंय. तोवर ती फ्रेटसॉची पाती धडाधड मोडतेय, आणि त्यांचे पैसे मी तिच्या आईकडून घेणार आहे.