राक्षसगण

आमच्या घरांत लहानथोर मिळून अकरा माणसें आहेत. आणि या अकरांचे स्वभाव आपणांस तोंडपाठ आहेत, असा त्यांतल्या प्रत्येकाचा समज आहे. थोरले चिरंजीव तापट, धाकटे आळशी, मोठी सून हिशेबी, धाकटी हळवी, आणि आम्ही स्वतः, जन्मभर मुलांना संस्कृत शिकविल्यामुळें, उपदेशप्रिय. यांपैकीं शेवटचा आरोप खरा असल्याचें प्रस्तुत लेखावरून वाचकांच्या ध्यानांत येईलच. परंतु या आरोपांकडे जरा निराळ्या दृष्टीनें पाहण्याची बुद्धि आम्हांस गेल्या वर्षीं एका चौदा वर्षांच्या मुलीमुळें झाली, ती हकीगत सांगावयाची आहे.

२०२५ च्या जुलै महिन्यांतील २० तारखेस, रविवारीं सायंकाळीं, आमची नात बाहेरून आली ती कोणाशीं न बोलतां माडीवर गेली आणि रात्रीं जेवावयास उतरली नाहीं. "डोकं दुखतंय," असा निरोप धाकट्या भावाकरवीं आला. तिच्या आजीनें ताट झांकून ठेविलें. दुसऱ्या दिवशीं हळूहळू जें कळलें तें असें.

आमची नात आणि तिच्या बरोबरीचीं आठ-दहा मुलें हॅरी पॉटरच्या कादंबऱ्यांचीं निस्सीम भक्त आहेत. दर रविवारीं कोणाच्या तरी घरीं जमावें, त्या सात पुस्तकांतील प्रसंगांवर वाद घालावा, असा त्यांचा परिपाठ. ३१ जुलै हा कथानायकाचा वाढदिवस. लेखिका रोलिंगबाईंचाहि तोच. त्या दिवसासाठीं मुलांनीं आपसांत प्रश्नमंजूषा योजिली होती. तिच्यांतले प्रश्न आधींच फुटले. कोणी फोडले, याचा विचार चालला असतां एक मुलगा हांसत म्हणाला, "आपल्यांत स्लिदरिन कोण आहे?" सर्वांच्या नजरा आमच्या नातीकडे वळल्या. पहिल्यानें सारींच हांसलीं; तीहि हांसली. पण थोड्या वेळानें हांसणें थांबलें, आणि नजरा मात्र तशाच राहिल्या.

ज्यांच्या घरीं हीं पुस्तकें अद्याप शिरलीं नसतील अशा वाचकांसाठीं चार शब्द सांगणें अवश्य आहे. १९९७ सालीं इंग्लंडांत पहिलें पुस्तक निघालें, २००७ सालीं सातवें. त्यांत हॉगवर्ट्स नांवाचें जादूविद्येचें एक निवासी विद्यालय आहे. त्याच्या चार संस्थापकांच्या नांवांनीं चार 'घरें' आहेत. ग्रिफिंडोर हें शूरांचें, त्याचें चिन्ह सिंह. रेव्हनक्लॉ बुद्धिमंतांचें, चिन्ह गरुड. हफलपफ कष्टाळू व एकनिष्ठ मुलांचें. आणि स्लिदरिन महत्त्वाकांक्षी व धूर्त मुलांचें, त्याचें चिन्ह सर्प आणि रंग हिरवा. अकराव्या वर्षीं मूल शाळेंत आलें कीं त्याच्या मस्तकावर एक जुनाट बोलकी टोपी ठेवितात. ती त्याचें मन पाहून घराचें नांव पुकारते. मग सात वर्षें मुलानें त्याच घरांत राहावयाचें.

कथेंत इतकें असतें तर तें कथेपुरतें राहिलें असतें. पण वाचकांनाहि आपलें घर कोणतें हें जाणण्याची हौस वाटूं लागली. लेखिकेनें तयार केलेली एक प्रश्नावली २०१२ सालीं संगणकावर सर्वांस खुली झाली; तिचीं उत्तरें दिलीं कीं तुम्ही कोणत्या घरचे तें ठरते. जगांतील लक्षावधि मुलांनीं, आणि मुलांच्या आईबापांनींहि, असें आपलें घर ठरवून घेतलें आहे. आमच्या नातीला स्लिदरिन मिळालें. आरंभीं ती त्यावर खूषच होती. "महत्त्वाकांक्षा हा काय दोष आहे, आजोबा?" असें तिनें आम्हांला विचारिलें होतें, आणि वेणीला हिरवी फीत बांधून ती आठवडाभर मिरवलीहि होती.

परंतु त्या लहानशा मंडळांत पुढें काय झालें, तें ऐकण्यासारखें आहे. एक मुलगा ग्रिफिंडोरचा ठरला. त्याला पाण्याची भीति वाटते, तरी पोहण्याच्या तलावांत पहिली उडी त्यानेंच घेतली पाहिजे. एक मुलगी रेव्हनक्लॉची. गणितांत तिला कमी गुण पडले तेव्हां तिनें ते मंडळापासून चोरून ठेविले. हफलपफच्या मुलीकडे खाऊ आणणें आणि शेवटीं बशा विसळणें हें काम आपोआप आलें, कारण हफलपफची माणसें प्रेमळ असतात! ती एकदां "मला कंटाळा आला," म्हणाली तर सर्वांना नवल वाटलें. आणि आमच्या नातीकडे वर्गणीचे पैसे कोणी ठेवीत नसे. हें सारें थट्टेंत चालें. पण शिक्क्याची थट्टा रोज झाली म्हणजे तिची संवय होते, आणि मग विचार करण्याचे श्रम वांचतात.

आमच्या शाळेंतहि मुलांचे चार गट होते. हजेरीपटावरील क्रमानें पहिला मुलगा पहिल्या गटांत, दुसरा दुसऱ्या, अशी ती वांटणी. खेळांच्या दिवशीं त्या गटांचा अभिमान ऊतूं जाई, पण तांबड्या गटांतला मुलगा शूर आणि निळ्या गटांतला लबाड, असें कोणाच्या मनांत येत नसे. म्हणजे दोष गट पाडण्यांत नाहीं. गटाला स्वभाव चिकटविण्यांत आहे.

नात आठवडाभर गप्प होती. तिच्याशीं बोलावयाचें तर विषय ठाऊक पाहिजे, म्हणून आम्हीं तीं पुस्तकें मराठी भाषांतरांत वाचावयास घेतलीं. पोरकट कांहींतरी वाचावें लागणार अशी आमची समजूत होती. तिसऱ्या पुस्तकाशीं येतां येतां आम्ही रात्रीं दिवा मालवावयाचें विसरूं लागलों.

त्या तिसऱ्या पुस्तकांत सिरियस ब्लॅक नांवाचा एक कैदी आहे. मित्राचा घात केल्याच्या आरोपावरून, चौकशी न होतां, तो बारा वर्षें तुरुंगांत कुजला. त्याचें सारें घराणें स्लिदरिनचें होतें. तो एकटा ग्रिफिंडोरमध्यें गेला होता. खरा घातकी पीटर पेटिग्र्यू. तोहि ग्रिफिंडोरचा, म्हणजे टोपीनें शूर ठरविलेला! तो उंदराचें रूप घेऊन एका भल्या कुटुंबांत बारा वर्षें सुखानें राहिला. मेलेला वीर म्हणून त्याचा गौरवहि झालेला होता. हें प्रकरण संपवून आम्हीं पुस्तक मिटलें, आणि त्या रात्रीं आम्हांला झोंप आली नाहीं. त्याचें कारण पुस्तकांत नव्हतें.

आमची एक धाकटी बहीण आहे. घरांत तिला माई म्हणतात. तिचा जन्म आश्लेषा नक्षत्रावरचा. आपल्याकडे सत्तावीस नक्षत्रांची वांटणी नऊ-नऊ करून देवगण, मनुष्यगण व राक्षसगण असे तीन भाग करितात, हें वाचकांस ठाऊक आहेच. आश्लेषा राक्षसगणांत येते. तिची देवता सर्प. आणि या नक्षत्रावरची मुलगी सासूला वाईट, असा समज. आम्ही पुष्य नक्षत्रावरचे, म्हणून देवगणी. चंद्र एका नक्षत्रांत सुमारें एक दिवस असतो. म्हणजे त्या दिवशीं पृथ्वीवर जन्मलेलीं सारींच लेंकरें राक्षसगणी व्हावयाचीं! पण हा हिशेब आमच्या घरांत कोणी केला नाहीं. माई रागावली कीं "राक्षसगण बोलतोय हो!" असें घरांत म्हणत. तें प्रथम म्हणणारा कोण होता, हें आतां सांगितलें पाहिजे. आम्हीच.

आम्ही तेरा वर्षांचे होतों आणि ती दहांची. त्या दिवशीं सकाळीं नवी कंपासपेटी आम्हांला मिळाली, जुनी तिच्या वांट्याला गेली, म्हणून तिनें मोठा त्रागा केला होता. दुपारीं वडिलांच्या बैठकीवर खेळतां खेळतां आमच्या हातून दौत कलंडली, आणि त्यांनीं स्वहस्तें उतरून घेतलेल्या उदकशांतीच्या पोथीचीं सहा पानें शाईनें भिजलीं. कोणी विचारपूस केली नाहीं. "सकाळचा राग काढला कारटीनें," असें आई म्हणाली आणि प्रकरण संपलें. माईला त्या दिवशीं मार बसला. आम्ही अंगणांत उभे राहून तो ऐकत होतों. देवगणाच्या मुलाकडे बोट दाखवावें असें कोणाच्या स्वप्नांतहि आलें नाहीं.

शिक्का एकाला गुन्हेगार ठरवितो एवढेंच नव्हे, तर दुसऱ्याला लपावयास जागा देतो, हें आम्हांस तेराव्या वर्षींच कळलें होतें. कळूनहि आम्हीं तें पन्नासांहून अधिक वर्षें कोणाला सांगितलें नाहीं.

पुढें माईच्या लग्नाच्या वेळीं छत्तीस गुणांच्या त्या मेळांत गणाचे सहा गुण आडवे येत. ते जुळले तर नक्षत्र आडवें येई. "मुलगी पसंत आहे, पण पत्रिका..." असें उत्तर आणणाऱ्या पत्रांची वडिलांनीं एक गड्डी करून ठेविली होती. शेवटीं सासू हयात नसलेलें स्थळ पाहून, सत्ताविसाव्या वर्षीं, तिचें लग्न झालें. आईच्या शेवटच्या आजारांत चार महिने तिच्या उशाशीं बसून राहिली ती माईच.

२९ जुलैला नागपंचमी होती. माई प्रतिवर्षाप्रमाणें आदल्या दिवशींच माहेरीं आली. आदला दिवस भावाच्या उपवासाचा. तिनें तो केला होता. बासष्टांच्या पुढें गेलेली ती बहीण पाण्याचा पेला हातांत घेऊन आमच्यासमोर बसली, आणि आम्हांला तो उपवास सहन होईना. नात शेजारींच होती. तिच्यादेखत आम्हीं पोथीची हकीगत सांगून टाकिली.

माई कांहीं वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "दादा, तुझ्या बोटांना शाई होती. मी पाहिली होती."

"मग तेव्हांच कां नाहीं सांगितलंस?"

"कोणाला सांगायचं? मी रडले तरी राक्षसगण, ओरडले तरी राक्षसगण. आणि खरं सांगूं? पुढं पुढं मलाच वाटायला लागलं होतं कीं, कदाचित मीच सांडली असेन."

या वाक्यानें आमच्या अंगावर कांटा उभा राहिला. दुसऱ्यांनीं मारलेला शिक्का माणूस हळूहळू स्वतःवर आपल्याच हातानें मारूं लागतो. त्याची खरी हानि ही.

नात एकदम म्हणाली, "आत्याआजी, तुमचं नक्षत्र सापाचं आणि माझं घरही सापाचं!"

"मग आपण एकाच घरच्या कीं," माई म्हणाली. "पण तुला तें आवडतं का?"

"आवडतं. तेंच तर! मला तें घर सोडायचं नाहीं. पण म्हणून मी चोर कशी?"

या प्रश्नाला आम्हीं जें उत्तर दिलें तें येथें मांडतों. आपल्या नाट्यशास्त्रकारांनींहि नायकांचे धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत असे चार प्रकार केले आहेत, आणि आम्हीं ते वर्षानुवर्षें फळ्यावर लिहिले आहेत. पण ते प्रकार भूमिकेचे आहेत, नटाचे नव्हत. आज राम झालेला नट उद्यां भीम होतो, आणि रंग पुसून घरीं गेला म्हणजे दोन्ही नसतो. तुझी हिरवी फीत ही अशी भूमिका आहे. ती तूं हौसेनें बांधावीस, हौसेनें सोडावीस. ज्या दिवशीं ती सोडण्याचा अधिकार दुसऱ्याकडे जातो, त्या दिवशीं ती फीत राहत नाहीं, दावें होतें.

शिवाय, त्या पुस्तकांच्या भक्तांहून तीं पुस्तकेंच अधिक उदार आहेत. टोपी हॅरीला स्लिदरिनमध्यें घालूं पाहत होती. त्यानें मनांत नको म्हटलें, आणि तिनें तें ऐकलें. स्लिदरिनचा स्नेप अखेर मोठ्या धैर्याचा पुरुष ठरला. सातव्या पुस्तकांत खुद्द मुख्याध्यापकांनाच आपण मुलांची निवड फार लौकर करितों कीं काय अशी शंका येते. अकरा वर्षांच्या मुलांना आम्हींहि जन्मभर शिकविलें. 'हा हुशार', 'हा ढ' असें आम्हीं पहिल्या महिन्यांतच ठरवून टाकिलेलीं किती मुलें पुढें आम्हांस खोटीं पाडून गेलीं! आणि जीं खोटीं पाडूं शकलीं नाहींत, त्यांच्या बाबतींत आम्ही बरोबर होतों कीं त्यांनीं आमचेंच म्हणणें खरें मानलें, हें आतां कोण सांगणार?

दुसरे दिवशीं पुरणाची दिंडें झालीं, नागाची पूजा झाली. ३१ जुलैला नात हिरवी फीत बांधून मंडळांत गेली. तिनें तेथें सांगितलें, "मी स्लिदरिनच राहणार. पण प्रश्न कोणी फोडले तें सगळ्यांना विचारा, मलाही विचारा. टोपीला विचारूं नका." प्रश्न कोणी फोडले हें आजतागायत उघड झालेलें नाहीं. मात्र हफलपफच्या मुलीनें त्या दिवशीं बशा विसळल्या नाहींत, असें ऐकतों.

आमच्या घरीं मोठी क्रांति झाली आहे असें नाहीं. थोरले अजून तापतात. परंतु पंगतींत कोणी "तो तापटच!" म्हटलें म्हणजे आमची नात मध्येंच विचारते, "आज काय झालं?" परवां तिनें असें विचारिलें तेव्हां थोरल्यांनीं सांगितलें कीं, कचेरींत दुसऱ्याची चूक त्यांच्या माथीं मारली गेली होती. इतक्या वर्षांत त्यांना तें कोणीं विचारिलें नव्हतें; आम्हींहि नाहीं.