मेंदूचा बोलका अर्धा

संपादकांनी फोनवर विषय सांगितला, ‘डावा मेंदू, उजवा मेंदू’, आणि सोबत एक चौकट मागितली: दहा प्रश्न सोडवा, तुमचा मेंदू कोणता ते ओळखा. चौकट मी देणार नाही. हिशेबी माणसं डाव्या मेंदूची आणि कलावंत उजव्या मेंदूचे, ही वाटणी मुळात खोटी आहे. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाने २०१३ मध्ये हजाराहून अधिक लोकांचे स्कॅन याच प्रश्नासाठी तपासले. एकाच अर्ध्यावर चालणारी माणसं त्यात सापडली नाहीत. तरीही बोटांचे ठसे घेऊन मुलाला कॉमर्सला घालावं की चित्रकलेला हे सांगणारे फी घेतात, आणि पालक तो रिपोर्ट लॅमिनेट करून माझ्यापुढे ठेवतात.

फरक आहेत, पण वेगळे. आपण डाव्या अर्ध्याने बोलतो, असं पॉल ब्रोका यांनी १८६५ मध्ये पॅरिसमध्ये मांडलं. उजव्या हाताने लिहिणाऱ्यांपैकी सुमारे ९५ टक्के लोकांत भाषा डावीकडे असते. डावखुऱ्यांतही बहुतेकांची डावीकडेच. उजव्या अर्ध्याची कामं मुकी. भोवतालच्या जागेवर लक्ष ठेवायचं, बोलण्यातला सूर ओळखायचा, शरीरात काय बिनसलंय याची खबर ठेवायची. न बोलणाऱ्याची किंमत कळत नाही ती नाहीच.

गेल्या पावसाळ्यात एका निवृत्त मुख्याध्यापकांना आणलं. आदल्या संध्याकाळीच डावा हात लुळा पडला होता. ‘पण बोलत नीट होते हो, डॉक्टर,’ म्हणून घरच्यांनी सकाळ होऊ दिली. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ती वेळ टळली होती. उजव्या अर्ध्यात झटका आलेले असेच रेंगाळत येतात, कारण वाचा शाबूत असते. वॉर्डात सर ताटाच्या उजव्या बाजूचंच जेवत, डावीकडची भाजी तशीच राही. डावा हात वर करा म्हटलं, की म्हणत, ‘केला की!’ हात गादीवरच आहे हे दाखवल्यावर म्हणाले, ‘काल बागेत फार खणलं, दमलाय तो.’ ते तिसऱ्या मजल्यावर राहतात, बाग नाहीच. सून वैतागली: खोटं कशाला बोलतात? या अवस्थेला बाबिन्स्की यांनी १९१४ मध्ये अॅनोसॉग्नोसिया हे नाव दिलं, आणि ते खोटं बोलणं नव्हे, एवढं मी तिला सांगितलं. पण ती बाग आली कुठून?

याचं मला पटणारं उत्तर दुसऱ्याच रुग्णांकडून येतं. दोन्ही अर्ध्यांना जोडणाऱ्या पट्ट्यात, कॉर्पस कॅलोसममध्ये, सुमारे २० कोटी तंतू असतात. फिट्स औषधांना दाद देईनात तेव्हा हा पट्टा कापतात. १९६२ पासून लॉस एंजेलिसमध्ये बोगेन आणि व्होगेल यांनी अशा शस्त्रक्रिया केल्या. त्या रुग्णांच्या अभ्यासावर रॉजर स्पेरी यांना १९८१ चं नोबेल मिळालं. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, डॉक्टरकीची मुलंसुद्धा चुकतात: डावा डोळा फक्त उजव्या मेंदूला जोडलेला नसतो. दोन्ही डोळ्यांना दिसणाऱ्या दृश्याचा डावा भाग उजवीकडे जातो. म्हणून नजर मध्यबिंदूवर खिळवून, ती हलायच्या आत चित्र क्षणभरच दाखवावं लागतं.

स्पेरींचे शिष्य गॅझॅनिगा यांनी पट्टा कापलेल्या पी. एस. या मुलाच्या डाव्या अर्ध्याला कोंबडीचा पंजा दाखवला आणि उजव्याला बर्फात बुडालेलं घर. समोरच्या चित्रांतून उजव्या हाताने कोंबडी निवडली, उजव्या अर्ध्याच्या ताब्यातल्या डाव्याने फावडं. फावडं का? बोलक्या अर्ध्याने बर्फ पाहिलाच नव्हता. तो क्षणभरही न अडखळता म्हणाला, की कोंबड्यांचं खुराडं साफ करायला. खबर पोचली नाही तर डावा अर्धा ‘माहीत नाही’ म्हणत नाही, कारण रचतो. सरांची बाग मला तिथलीच वाटते.

म्हणजे कापल्यावर एका कवटीत दोन मनं राहतात का? माझ्या क्षेत्रातलं हे जुनं भांडण. २०१७ मध्ये अॅमस्टरडॅमच्या याइर पिंटो यांनी दोन रुग्ण तपासून राहत नाहीत असा दावा केला. चित्र कुठल्याही बाजूला दिसो, ते कुठे आहे हे रुग्ण दोन्ही हातांनी आणि तोंडाने सांगत. मात्र डावीकडचं आणि उजवीकडचं चित्र सारखं आहे का, हे त्यांना सांगता येईना. पिंटो म्हणतात, पाहणं दुभंगतं, जाणीव नाही. मला हे घाईचं वाटतं. पट्टा कापला तरी खालचे जोडमार्ग शाबूत असतात, शिवाय शस्त्रक्रियेला वर्षं उलटलेली. एवढ्या काळात एक अर्धा दुसऱ्याला मानेच्या, डोळ्यांच्या हालचालींनी खुणावायला शिकतो. परिषदेत मी हे तावातावाने मांडतो. मग असा रुग्ण समोर बसून एकटाच, एकसंध गप्पा मारतो आणि माझा आवाज खाली येतो. अर्थात गप्पा मारणारा तो बोलकाच अर्धा, हेही आहेच.

अचानक धाडकन पाडणाऱ्या फिट्ससाठी ही शस्त्रक्रिया आजही होते, बहुधा आधी पट्ट्याचा पुढचाच भाग कापून. संमतिपत्रावर सही करताना एखादी आई विचारते, ‘याची दोन माणसं नाही ना होणार?’ मी नाही म्हणतो. रोजच्या वागण्यापुरतं ते खरं आहे. हे उत्तर पिंटोंचं की माझं, असं तिने अजून विचारलेलं नाही.