आभासी यंत्राचे बिऱ्हाड

मूळ संहितेतले एकही अक्षर न बदलता ती दुसरीकडे उतरवून घेतली की ती सुखरूप पोहोचली, असे आपण मानतो. पाठचिकित्सेचे संस्कार झालेल्या मनाला ही समजूत विशेष सोयीची वाटते. संगणकाच्या जगात मात्र ती फार काळ टिकत नाही. शेवटच्या बिटपर्यंत अचूक असलेली प्रतही नव्या जागी उभी राहण्यास नकार देते, हे आम्हांला एका बोलीकोशाच्या निमित्ताने कळले.

हा कोश अप्रकाशित आहे. एका दिवंगत प्राध्यापकांनी गावोगाव हिंडून जमवलेले शब्द, त्यांचे अर्थ आणि वापराची उदाहरणे त्यात आहेत. मजकूर युनिकोडपूर्व पद्धतीच्या फाँटमध्ये टंकलेला आहे. अशा फाँटमध्ये देवनागरी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. फाँट नसेल तर पडद्यावर निरर्थक रोमन चिन्हांची रांग दिसते. युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने आहेत. परंतु बोलीतले उच्चार दाखवण्यासाठी प्राध्यापकांनी जी खास चिन्हे करवून घेतली होती, ती या साधनांना ठाऊक नाहीत. रूपांतरित नोंद बरोबर आहे की नाही, हे मूळ पडद्यावर पाहूनच ठरवावे लागते. म्हणून त्यांचा विंडोज एक्सपीवर चालणारा संगणक आम्ही आभासी यंत्राच्या रूपात जपला आहे.

आभासी यंत्र म्हणजे एका संगणकाच्या पोटात सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक. कल्पना जुनीच आहे. आयबीएमने व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ साली जाहीर केली होती. आतल्या 'पाहुण्या' प्रणालीला प्रोसेसर, डिस्क, पडदा असे सर्व काही दिसते. त्यातले बरेचसे यजमानाने रंगवलेले असते. एक्सपीला मिळणारे सुरक्षा-सुधार २०१४ साली थांबले, त्यामुळे आमच्या पाहुण्याला आम्ही इंटरनेटपासून दूरच ठेवतो.

यजमान संगणक जुना झाला, तेव्हा हे बिऱ्हाड हलवणे भाग पडले. डिस्कची फाइल नव्या संगणकावर नेली, दोन्ही प्रतींची पडताळणी केली. त्या तंतोतंत सारख्या होत्या. यंत्र सुरू केले आणि निळा पडदा आला. त्यावरच्या सांकेतिक क्रमांकाच्या अखेरीस '७बी' होते. याचा अर्थ, प्रणालीला स्वतःची डिस्कच सापडत नाही.

कारण समजून घेण्यासारखे आहे. एक्सपी स्थापित होते तेव्हा ती आजूबाजूला एकदा नीट पाहून घेते: डिस्कचा नियंत्रक कोणता, प्रोसेसर कोणाचा, व्यत्यय-संदेश कोणत्या मार्गाने येतात. हे सर्व ती नोंदवून ठेवते आणि पुढे दर वेळी त्या नोंदींवर विसंबून जागी होते. जुन्या मांडणीत डिस्क आयडीई नियंत्रकाला जोडलेली होती. नव्या मांडणीने आपण होऊन साटा नियंत्रक दिला. तो चालवणारा ड्रायव्हर एक्सपीपाशी मुळातच नसतो. नवा ड्रायव्हर ती वाचणार कुठून? तो डिस्कवर ठेवला, तरी त्या डिस्कपर्यंत पोहोचण्यासाठीच तो हवा.

आम्ही नव्या यंत्राच्या मांडणीत आयडीई नियंत्रक दिला. प्रणाली थोडी पुढे सरकली आणि पुन्हा कोसळली. या वेळी पडद्यावर 'इंटेलपीपीएम' हे नाव होते. इंटेलच्या प्रोसेसरची वीज-व्यवस्था पाहणारा हा ड्रायव्हर. नव्या यजमानाचा प्रोसेसर एएमडीचा. 'सेफ मोड'मध्ये हा ड्रायव्हर जागा होत नाही. त्या वाटेने आत जाऊन, रजिस्ट्रीतील त्याच्या 'स्टार्ट' या नोंदीचे मूल्य ४, म्हणजे 'बंद', असे केले. कोश उघडला.

अशा स्थलांतराचे उपाय पाहिले, तर त्यांच्या दोन जाती दिसतात. पहिली, सर्वांना झेपेल तेवढेच बोलणे. मोठ्या संगणक-केंद्रांत चालू यंत्रे न थांबवता एका यजमानाकडून दुसऱ्याकडे नेतात. एखाद्या प्रोग्रामने सुरुवातीलाच प्रोसेसरला त्याच्या क्षमता विचारलेल्या असतात. वाटेत प्रोसेसर बदलला हे त्याला कळत नाही. नव्या जागी नसलेली आज्ञा तो देतो आणि कोसळतो. म्हणून सगळ्या यजमानांमध्ये समान असलेल्या क्षमताच पाहुण्याला दाखवतात. यंत्र कुठेही राहू शकते, पण नव्या प्रोसेसरच्या खास शक्ती न वापरता. दुसरा उपाय निघण्यापूर्वीचा. यंत्र जुन्या घरी धडधाकट चालू असतानाच त्याला नव्या प्रकारच्या नियंत्रकावर एक लहानशी रिकामी डिस्क जोडायची. प्रणाली तिला ओळखते, योग्य ड्रायव्हर बसवून घेते. मग यंत्र बंद करून मुख्य डिस्क त्या नियंत्रकावर हलवायची. त्या रिकाम्या डिस्कवर काहीही साठवायचे नसते. ओळख करून देणे एवढेच तिचे काम.

भाषेच्या अभ्यासकाला पहिला उपाय ओळखीचा वाटेल. प्रमाणभाषा हेच तर करते. तिच्यामुळे मजकूर सर्वत्र वाचता येतो, हे तिचे ऋण आम्ही नाकारत नाही. परंतु बोलीकोश हा नेमका त्या समान साठ्याबाहेर उरलेल्या गोष्टींचा ग्रंथ असतो. रूपांतराच्या साधनाला जी चिन्हे कळत नाहीत, ती या कोशातली बाजूची सजावट नाही. एखाद्या गावचा स्वर तेवढ्या चिन्हापुरताच कागदावर उरला आहे. सर्वांना झेपेल तेवढे ठेवून बाकीचे गाळले, तर कोश पोहोचेल आणि बोली मागे राहील.

म्हणून आम्ही दुसऱ्या उपायाकडे वळलो आहोत. यंत्र चालू आहे तोवर प्रत्येक खास चिन्हाचे चित्र, त्याचा सांकेतिक क्रमांक आणि त्याने दाखवलेला उच्चार यांची तक्ता-वही तयार करण्याचे काम सुरू आहे. या वहीत कोशातला एकही शब्द नसेल, आणि तरी तिच्यावाचून पुढच्या काळात कोश वाचता येणार नाही. काही चिन्हांचे उच्चार टिपणांवरून लागतात. काहींसाठी त्या त्या गावी जाऊन वृद्धांच्या तोंडून शब्द पुन्हा ऐकावे लागतील. यंत्र आणखी एखाद्या नव्या यजमानाकडे नेता येईल. उच्चार सांगू शकणारी माणसे मात्र आहेत तिथेच आणि आहेत तोवरच भेटतील. तेव्हा पुढचे बिऱ्हाड हलवण्याआधी ही वही पुरी करायची, असा क्रम आम्ही ठरवला आहे.