दुर्बीण घेण्यापूर्वीं

इ. स. २०१८ च्या पावसाळ्यानंतर आमच्या वर्गांतील मुलांनीं खाऊचे पैसे सांठवून भिंगाची दुर्बीण घ्यावयाचें ठरविलें. निवड आमच्याकडे आली. खोक्यावर '५२५ पट' असा ठळक आंकडा होता. त्यास आम्ही भुललों. गणित शिकविणारानें आंकड्यास भुलावें, यापरतें लाजिरवाणें काय!

ऑक्टोबरांतील एका संध्याकाळीं नैर्ऋत्येस शनि होता. मुलें रांगेनें उभीं राहिलीं. नळींत एक मळकट, थरथरणारा ठिपका होता. हात लागतांच तोही पळे. तरी एक मुलगा म्हणाला, "सर, कडें दिसलें." आम्हांस स्वतःस तें दिसलें नव्हतें. आमचें मन राखण्याकरितां तो खोटें बोलला होता, आणि तें खोटें आम्हींच त्याच्या तोंडीं घातलें होतें. त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं.

आधीं मांडावयाचा हिशेब मग मांडिला. पुढील भिंगाच्या नाभीय अंतरास नेत्रिकेच्या नाभीय अंतरानें भागिलें म्हणजे पट निघते. ७०० मि.मी. भागिले ४, म्हणजे १७५. वर तिप्पट करणारी नळी लाविली कीं झाले ५२५! परंतु प्रकाश ६० मि.मी. व्यासाच्या भिंगांतून येईल तेवढाच. व्यासाच्या मि.मी.च्या दुप्पट, म्हणजे येथें १२० पटींच्या पुढें प्रतिमा नुसती फुगते. कणीक तेवढीच ठेवून पोळी लाटीत गेलें, तर ती फाटावयाचीच.

यास्तव पालकांनीं पट न वाचतां व्यास वाचावा. ७० मि.मी.चें भिंग ६० च्या भिंगाहून तिसऱ्या हिश्श्यापेक्षांही अधिक प्रकाश गोळा करितें. भिंग दोन जातींच्या कांचांचें जोडभिंग असावें. अशा भिंगाचें पेटंट लंडनच्या जॉन डॉलंडनें १७५८ सालीं घेतलें. त्यांतही चंद्राच्या कडेस किंचित् जांभळी झालर राहते, ती सोसावी. लेचीपेची तिपाई मात्र सोसूं नये. दुकानांतच नळीस टिचकी मारावी. थरथर दोन-तीन सेकंदांत न थांबल्यास परत फिरावें. तितके पैसे नसतील, तर दोन डोळ्यांची साधी दुर्बीण बरी. आणि सूर्याकडे नळी कधींही वळूं देऊं नये. डोळा कायमचा जातो.

पुढल्या आठवड्यांत तीच दुर्बीण काढिली. २० मि.मी.ची नेत्रिका, ३५ पट. तिपाईचे पाय आंखूड करून मध्यें वाळूची पिशवी टांगली. शनि मोहरीएवढा, पण कडें स्वच्छ! त्या मुलानें बराच वेळ डोळा काढिला नाहीं. मागले कुरकुरूं लागले. तो कांहींच बोलला नाहीं. पुन्हा जाऊन रांगेच्या शेवटीं उभा राहिला.