भिंतीला घातलेला स्वेटर

फ्लॅट बघायला गेलो तेव्हा हॉल, किचन, पार्किंग काहीही धड पाहिलं नाही. बेडरूमची बे-विंडो दिसली आणि विषय संपला! बाहेर पाऊस, हातात कॉफीचा मग, मांडीवर पुस्तक... ब्रोशरमधला तो फोटो मी मनातल्या मनात कधीच जगून घेतला होता.

पहिल्याच जुलैत खिडकीखालच्या भिंतीवर ओलीचा डाग उमटला. मी काय केलं? रंग दिला. दुसऱ्या वर्षी पुन्हा पोपडे. मग कुणीतरी सुचवलं, ‘पश्चिमेची भिंत आहे, उन्हानं तापते. थर्माकोलच्या शीट्स लाव आणि वरून प्लायचं पॅनेल मारून टाक.’ गरमी कमी आणि डागही गायब! पॅनेल झकास दिसत होतं, हे मात्र खरं.

मागच्या पावसाळ्यात आई राजापूरहून राहायला आली. हौसेनं तिला तीच खोली दिली. आठवड्याभरात तिचा खोकला सुरू झाला. दमा तिला आधीपासूनच आहे, त्यामुळे मुंबईची हवा, धूळ, ट्रॅफिक, सगळ्यांना दोष देऊन झाला. एका सकाळी तीच म्हणाली, “अरे, या फळीमागून कुबट वास येतोय. काढून बघ.”

पॅनेल काढलं आणि मला आईकडे बघवेना. मागची भिंत काळ्या बुरशीनं भरली होती. ओल्या भिंतीला मी चक्क स्वेटर घातला होता! पाणी बाहेरून येतच राहिलं, सुकायला वाट मात्र उरली नाही.

“गावी आपण पावसाआधी पश्चिमेच्या पडवीला झापं बांधतो, ती कशाला? झड तिकडूनच येते. पाणी बाहेर अडवायचं असतं रे.” आई एवढंच म्हणाली. त्याच संध्याकाळी तिला ताईकडे डोंबिवलीला सोडून आलो. परतीच्या लोकलमध्ये फार लाज वाटली.

पाऊस संपल्यावर सोसायटीची परवानगी काढून बाहेरून परांची बांधली. तेव्हा कळलं, बे-विंडोच्या वरच्या स्लॅबचा उतार बाहेर नव्हे, भिंतीकडे होता! कडेखाली पाणी गळून पडायला खाचही नव्हती. फ्रेम आणि भिंतीमध्ये फट होती, आणि स्लायडिंगच्या ट्रॅकमधली पाणी जायची छिद्रं मातीनं बुजलेली. उतार नीट केला, खाच काढली, भेगा आणि फट भरली, बाहेरून वॉटरप्रूफ कोटिंग दिलं. आतलं प्लास्टर विटांपर्यंत खरवडून भिंत दोन महिने उघडी ठेवली. बेडरूम खंडहर दिसत होती. दिसू दे!

नव्या प्लास्टरवर रंग देण्याआधी एक सोपी टेस्ट केली. प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा चारी बाजूंनी टेपनं भिंतीला चिकटवला. दोन दिवसांनी मागे दमटपणा दिसला, तर भिंत अजून ओली. पहिल्यांदा दिसला. थांबलो. दुसऱ्यांदा कोरडा निघाला, तेव्हाच ब्रश उचलला. थर्माकोल पुन्हा लावलं नाही. उन्हासाठी जाड पडदा पुरतो.

यंदा जुलैत आई आली. बॅग खाली ठेवायच्या आधी सरळ खोलीत गेली आणि खिडकीखालच्या भिंतीवर तळहात टेकवला. थोडा वेळ तसाच ठेवला.

“चहा टाक,” म्हणाली, “इथेच बसते.”