मागची सीट

टँडम सायकल घरी आली त्या दिवशीच मी नवऱ्याला बजावलं होतं, मी मागे बसणार नाही. दोन सीट, चार पायडल, दोन हँडल; पण मागचं हँडल नुसतं धरायला. ते वळत नाही, त्याला ब्रेक नाही, गिअर नाही. समोर रस्ताही नाही, नवऱ्याची पाठ. लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर हे चित्र मला जरा जास्तच बोलकं वाटलं. मी त्या जागेला ‘सामानाची जागा’ असं नाव ठेवलं. आमच्या वडिलांच्या काळात पुण्यात सायकलवर डबलसीट दिसलं की पोलीस अडवायचे, ते बरोबरच होतं, असंही ऐकवलं.

वादात मी कार्ल्याच्या लेण्यालाही ओढलं. तिथल्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर जोडपी कोरलेली आहेत, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीची. सगळी शेजारी शेजारी उभी. ‘एकही बाई नवऱ्याच्या मागे नाही,’ मी म्हटलं. तो म्हणाला, ‘त्यांना ट्रकच्या कडेनं कामशेत गाठायचं नव्हतं.’

शेवटी बसले मागेच. वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यानं जायचं ठरलं होतं आणि सराव हवा होता. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर सायकलला बंदी, म्हणून दर रविवारी जुन्या हायवेनं तळेगाव, वडगाव, कामशेत, कार्ला फाटा, लोणावळा आणि परत. कामशेतच्या अलीकडे एका पोरानं मोटारसायकल शेजारी आणली आणि ओरडला, ‘ओ काका, काकू पायडल मारत नाहीत!’ मित्र खिदळले. मी भयंकर चिडले. टँडमच्या डाव्या बाजूला एक जादा चेन असते, ती पुढचा आणि मागचा क्रँक एकमेकांना बांधते. पुढच्याचे पाय फिरले की मागच्याचे फिरणारच. थांबवायचे म्हटले तरी थांबत नाहीत. हे सगळं मी त्या पोराला ओरडून सांगितलं. तोवर तो वळवण गाठत असावा.

आता खरं सांगते. पाय फिरणं वेगळं आणि जोर लावणं वेगळं. तो पहिला महिना मी पाय नुसते फिरवत होते. फुरंगटून. मला सामान म्हणून बसवलंय ना, मग सामानासारखी बसते. हे कोणाला कळणार नाही अशी माझी खात्री होती.

ऑक्टोबर संपता संपता आम्ही कामशेतवरून पवनानगरला उतरलो. पवन मावळात भातकापणी चालू होती, धरणाच्या पाण्यापलीकडे तुंग, अलीकडे तिकोना. पुढे दुधिवऱ्याच्या खिंडीचा चढ. चहा पिताना नवऱ्याचं मनगट ठणकायला लागलं. सहसा जड माणूस पुढे बसतो, तोल सावरायला सोपं जातं. आमच्या वजनात फारसा फरक नाही. आकडा इथे लिहीत नाही. सीट खालीवर केल्या आणि मी पुढे बसले.

पुढच्या जागेवर सत्ता असेल असं मला महिनाभर वाटत होतं. तिथे निघाली दवंडी. खड्डा आला, सांगा. गिअर बदलायचाय, सांगा. पाय थांबवायचेत, आधी सांगा. मागच्याला रस्ता दिसत नाही, त्यामुळे तो धक्क्याआधी सीटवरून उठू शकत नाही. न सांगितलेला प्रत्येक खड्डा थेट त्याच्या मणक्यात जातो. गावागावातल्या बिनरंगाच्या गतिरोधकांपैकी दोन मी पहिल्या दहा मिनिटांत त्याच्या कमरेत घातले. तो फक्त ‘अगं’ म्हणाला. महिनाभरात त्याच्याकडून माझ्या वाट्याला असा एकही आला नव्हता.

पुण्याचे दिव्यांशू गणात्रा टँडमवरून मनालीहून खारदुंग ला खिंडीपर्यंत गेले. एकोणिसाव्या वर्षी काचबिंदूनं त्यांची दृष्टी गेली. मागच्याला दिसत नाही अशा जोडीत पुढच्याचे डोळे दोघांचे आणि पाय चार. हे मी वाचलेलं होतं, कौतुकानं चारचौघांत सांगितलेलंही होतं. तरी त्याच सीटला घरी मी सामानाची जागा म्हणत होते.

खरा चटका चढावर बसला. पुढे बसल्यावर मागच्याचे पाय कळतात. अगदी कळतात. त्यानं जोर लावला की आपले पाय हलके होतात, त्यानं दम घेतला की पायडल जड. चेन काही लपवत नाही. एका वळणावर हे ध्यानात आलं आणि चढाच्या घामात मला वेगळाच घाम फुटला. खिंडीत पोचेपर्यंत मी गप्प होते. वर थांबून विचारलं, ‘तुला कळत होतं?’

‘कार्ला फाट्यापासून,’ तो बाटलीचं झाकण फिरवत म्हणाला. म्हणजे पहिल्याच रविवारपासून.

‘मग बोलला का नाहीस?’

‘बोललो असतो तर तू उतरली असतीस.’

खरंय. उतरले असते.

जानेवारीत वेंगुर्ल्याला गेलो. सपाटीवर टँडम सुसाट जाते. वारा एकाला अडवतो आणि जोर दोघांचा. चढावर ती बैलगाडी होते आणि उतारावर ट्रक. बोरघाटात दोन माणसं, सामान आणि सायकल मिळून दीडशे किलोच्या वर वजन. ब्रेक सतत दाबला तर रिम तापून ट्यूब फुटू शकते. म्हणून रिम निवायला शिंग्रोबाच्या देवळापाशी थांबलो. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा हा धनगर, आणि वाट दाखवल्यावर त्यांनीच त्याला मारलं, असं सांगतात. गाडीवाले जाता-येता तिथे नाणं टाकतात. मीही टाकलं. पुढे राहून वाट दाखवण्यात किती सुख असतं ते मला नुकतंच कळलं होतं.

आता आम्ही आळीपाळीनं बसतो. मी मागे असले की कामशेत ते लोणावळा निदान एक तरी जण ओरडतोच, काकू पायडल मारत नाहीत. तो मागे असला की अजून एकदाही कोणी ओरडलेलं नाही. मागच्या रविवारी एका टेम्पोवाल्यानं मात्र वेग कमी करून त्याला आपुलकीनं विचारलं, ‘काका, दमलात का?’