डेंकाली ते बोराव्हिया

सत्तरच्या दशकात तालुक्याच्या गावी वाढलेल्या मराठी मुलाला आफ्रिकेतले देश विचारले, की इजिप्त आणि केनियाच्या जोडीला तो बेधडक डेंकालीचंही नाव ठोकून द्यायचा. मास्तरांच्या नकाशात डेंकाली सापडत नसे, पण तो दोष नकाशाचा. तिथे कवटीची गुहा होती, विषारी बाण मारणारे बांदार बुटके होते आणि घोड्यावरून येणारा मुखवट्यातला वेताळ होता. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर इंद्रजाल कॉमिक्सचा नवा अंक आला, की ज्याच्या खिशात पैसे असतील तो घ्यायचा आणि बाकीचे नंबर लावायचे. शेवटच्या मुलाच्या हाती अंक पडेपर्यंत मुखपृष्ठ निखळलेलं असे आणि मधल्या पानावर कुणाच्या तरी चिवड्याचं तेल उमटलेलं. या लेखातला वाचक त्या रांगेतलाच. आज तो बँकेतून निवृत्त झालेला, नातवंडं असलेला गृहस्थ आहे. पण नकाशात नसलेल्या देशांनी त्याची पाठ कधी सोडली नाही.

डेंकाली हे मूळ नावच नव्हे, हे त्याला पुढे कळलं. ली फॉक या अमेरिकन लेखकानं फेब्रुवारी 1936 मध्ये वेताळाची चित्रमालिका सुरू केली, तेव्हा त्याचा देश होता बंगाला. टाइम्स ऑफ इंडियाच्या मंडळींनी 1964 मध्ये इंद्रजाल कॉमिक्स काढलं आणि बंगालाचं डेंकाली करून टाकलं. वेताळाच्या घराण्याचे हाडवैरी असलेले 'सिंग' चाचे 'सिंगा' झाले. विसाव्या वेताळाचा खुनी रामा होता, त्याचा रामलू झाला. कारण उघड होतं. अमेरिकन वाचकाला ही सगळी दूरदेशीची, कानाला गंमतशीर वाटणारी नावं; इथे ती शेजाऱ्यापाजाऱ्यांची आणि देवाची. म्हणजे एका काल्पनिक देशावर दुसरा काल्पनिक देश चढवावा लागला, कारण पहिला कुणाच्या तरी अंगाला चिकटत होता.

तिथूनच त्याला एक सवय लागली. कॉमिकमधला खोटा देश दिसला, की हा मुखवटा कुणाचा, यापेक्षा मुखवटा कुणाला घातला आणि कुणाला उघड्या तोंडानं उभं केलं, हे तो आधी बघतो. चित्रकार आणि संपादक ती निवड करताना आपल्या भीतीचा नकाशा काढत असतात, असं त्याचं मत.

साठच्या दशकात फॉकनं त्या देशाला स्वातंत्र्य दिलं आणि एक अध्यक्षही: डॉ. लमांडा लुआगा. निवडून आलेला, पेशानं डॉक्टर. त्याच्याविरुद्ध लष्करशहा जनरल बबाबू. खऱ्या काँगोत 1960 मध्ये निवडून आलेल्या लुमुंबांना लष्करी बंडानं दूर केलं आणि जानेवारी 1961 मध्ये त्यांची हत्या झाली. लुआगा मात्र वाचला, कारण त्याच्या मदतीला वेताळ होता. गोष्ट वाचताना मुलं टाळ्या पिटायची. कॉलेजात गेल्यावर त्याच गोष्टीत आमच्या वाचकाला दुसरं काही दिसलं. आफ्रिकेतली लोकशाही टिकते, पण ती पिढीजात जंगलात राहणाऱ्या एका गोऱ्या माणसाच्या मेहेरबानीवर.

बँकेतल्या नोकरीनं त्याला मुंबईत आणलं आणि फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथनं टिनटिनपाशी. जुन्या पुस्तकांच्या ढिगात 'द ब्रोकन इअर'ची इंग्रजी प्रत मिळाली, ते साल 1987. वर्तमानपत्रांत बोफोर्सशिवाय दुसरं काही नव्हतं. सॅन थिओडोरोस आणि न्युएव्हो रिको हे दक्षिण अमेरिकेतले दोन बनावट देश ग्रॅन चापो नावाच्या वाळवंटासाठी भिडतात, कारण तिथे तेल असावं असा संशय असतो. दोघांच्या मागे दोन परदेशी तेलकंपन्या. मग बॅझिल बाझारॉफ नावाचा रुबाबदार गृहस्थ एका जनरलला तोफा विकतो, विमानात बसतो, पलीकडे उतरतो आणि दुसऱ्या जनरलला त्याच तोफा विकतो. बोलणं तेच, हसणंही तेच. बोलिव्हिया आणि पॅराग्वे यांच्यात 1932 ते 1935 या काळात ग्रॅन चाकोवरून खरंच युद्ध झालं. बॅझिल झाहारॉफ हा विकर्स कंपनीचा शस्त्रविक्रेताही खराच. टिनटिनचा कर्ता एर्जे, त्यानं नावांत इतका किरकोळ फेरफार केला होता, की ओळखू येऊ नये असा त्याचा हेतू असणंच शक्य नव्हतं.

गंमत अशी, की अमेरिकेत 1938 मध्ये सुपरमॅनच्या अगदी सुरुवातीच्या कथेतही हाच मासला आहे. सिगेल आणि शूस्टर या क्लीव्हलंडच्या दोन पोरांनी सॅन मॉन्टे नावाचा देश काढला. शस्त्रं विकणाऱ्या नॉर्व्हेलला सुपरमॅन बखोटीला धरून तिथल्या सैन्यात भरती व्हायला लावतो. स्वतःच्या मालाचा आवाज जवळून ऐकल्यावर शेठजींचं धाबं दणाणतं.

एर्जे म्हणजे जॉर्ज रेमी, ब्रुसेल्सचा, जन्म 1907. त्याचं अख्खं आयुष्य त्याच्या खोट्या देशांवरून वाचता येतं. 1934 मध्ये 'ब्लू लोटस' सुरू झाली, तेव्हा त्यानं मुखवटा वापरलाच नाही. 1931 मध्ये मुकडेनजवळ रेल्वेमार्गावर जपान्यांनीच स्फोट घडवून चीनवर आळ घेतला आणि मांचुरिया गिळला, ते त्यानं देशांच्या खऱ्या नावांनिशी चितारलं. ब्रुसेल्समध्ये शिकणारा चांग चोंगरेन त्याचा मित्र झाला होता. भिंतींवरच्या चिनी घोषणा चांगनं लिहिल्या, त्यांत जपानी मालावर बहिष्काराचं आवाहनही होतं. जपानी वकिलातीनं तक्रार केली, पण टोकियो लांब होतं. बर्लिन मात्र रेल्वेनं जाण्याइतकं जवळ. चार वर्षांनी हिटलरनं ऑस्ट्रिया घशात घातला आणि त्यावर लिहायची वेळ आली, तेव्हा एर्जेनं दोन नवे देश बांधले: सिल्डाव्हिया आणि बोर्डुरिया.

'किंग ओट्टोकार्स सेप्टर'मध्ये टिनटिन विमानात बसून सिल्डाव्हियाची पर्यटन-पुस्तिका वाचतो आणि ती पानंच वाचकासमोर उघडतात. लोकसंख्या, खनिज पाणी, मध्ययुगीन लढाईचं जुन्या शैलीतलं चित्र, राजाचं पोर्ट्रेट. भाषासुद्धा आहे, ब्रुसेल्सच्या गल्लीतल्या बोलीला बाल्कन पोशाख घालून केलेली. ब्रुसेल्सच्या मूळ रहिवाशांना ती वाचून हसू आवरत नसणार. राज्य टिकवायला राजाला सेंट व्लादिमीरच्या दिवशी राजदंड मिरवावा लागतो, आणि तोच चोरून शेजारच्या बोर्डुरियाला सैन्य घुसवायचं आहे. कटाच्या सूत्रधाराचं नाव म्यूस्टलर. मुसोलिनी आणि हिटलर एका नावात कोंबलेले. संघटना आयर्न गार्ड, हे नाव रुमानियातल्या खऱ्या फॅसिस्टांचं. ऑगस्ट 1939 मध्ये मालिका संपली. पुढच्या महिन्यात पोलंडवर हल्ला झाला. कथेत सिल्डाव्हिया वाचतो. ऑस्ट्रियाच्या विलीनीकरणाचं नाव घेऊन सांगायचं, तर हा फसलेला 'आन्श्लुस'.

मे 1940 मध्ये जर्मन फौजा बेल्जियममध्ये शिरल्या आणि कसोटी पानावरून रस्त्यावर आली. एर्जेनं जर्मनांच्या ताब्यातल्या 'ल स्वार' या दैनिकात काम घेतलं. 1941 मध्ये तिथे सुरू झालेल्या 'शूटिंग स्टार'मध्ये ध्रुवाकडच्या समुद्रात पडलेल्या उल्केसाठी दोन जहाजांची शर्यत लागते. टिनटिनचं जहाज युरोपातल्या शास्त्रज्ञांचं. खलांचं अमेरिकन झेंड्याखालचं, आणि त्यामागचा पैसा ब्लुमेनस्टाइन नावाच्या, ज्यूंच्या हिणकस व्यंगचित्रासारख्या नाकाच्या बँकरचा. इथे मुखवटा कशाला हवा होता? अमेरिका आणि ज्यू यांना नावानिशी हिणवणं त्या वेळी ब्रुसेल्समध्ये सर्वांत निर्धोक होतं. युद्ध संपलं, वारं फिरलं. मग अमेरिकेच्या जागी 'साओ रिको' हा नवा देश आला आणि ब्लुमेनस्टाइनचा बोलविंकल झाला. दहा-बारा वर्षांपूर्वी ज्यांना उघडं केलं होतं, त्यांना आता घाईघाईनं मुखवटे चढले. आमच्या वाचकानं या दोन आवृत्त्यांची चित्रं शेजारी ठेवून पाहिली आहेत. नाक तसंच आहे.

बोर्डुरियाची गोष्ट याहून वेगळी. 'कॅल्क्युलस अफेअर' 1954 च्या डिसेंबरात सुरू झाली. स्टालिनला जाऊन पुरतं दीड-पावणेदोन वर्ष झालेलं. देश तोच, पण 1938 चा नाझी बोर्डुरिया आता पोलादी पडद्याआड गेला आहे. सत्ता मार्शल कूर्वी-टाशची, आणि त्याच्या मिशा हेच राष्ट्रचिन्ह: पुतळ्याला मिशा, दंडावरच्या पट्टीवर मिशा, इतकंच काय, शहराच्या नावातल्या अक्षरावरही मिशीसारखा टोप. लोक शपथ घेतात तीही मार्शलच्या मिशांची. हुकूमशाही उजवी की डावी, यावर बँकेच्या युनियनमध्ये रात्र-रात्र वाद घालणाऱ्या मित्रांना आमचा वाचक ती पानं दाखवायचा. दोन्ही बाजू चिडायच्या.

'लँड ऑफ ब्लॅक गोल्ड'चं तर तीनदा बारसं झालं. 1939 मध्ये सुरू झालेल्या कथेत ब्रिटिशांच्या ताब्यातला पॅलेस्टाइन होता, हैफा बंदर होतं, ज्यू बंडखोरही होते. जर्मन आले आणि मालिका अर्ध्यावर थांबली. 1950 मध्ये पुस्तक आलं. 1971 मध्ये इंग्रज प्रकाशकाच्या सांगण्यावरून ब्रिटिश सैनिक, बंडखोर, हैफा, सगळं पुसून कथा 'खेमेद' नावाच्या अरब अमिरातीत नेली. नवा इंग्रज वाचक आपल्याच आजोबांच्या कारभाराचं चित्र बघून अवघडू नये, एवढ्यासाठी एक अख्खा भूप्रदेश हलवला गेला.

मराठी लेखकाला हा आडोसा फारसा लागला नाही. तो देश बदलण्याऐवजी काळ बदलतो. तेंडुलकरांनी 'घाशीराम कोतवाल'साठी पेशवाई घेतली. सत्ता आपला घाशीराम कसा पोसते आणि काम झालं की कसा फेकून देते, हे 1972 च्या महाराष्ट्राला सांगायचं होतं. पण वादळ उठलं ते नाना फडणवीसांच्या चित्रणावरून. आडोशालाच वारस निघाले. सिल्डाव्हियाच्या राजाचे, बाराव्या मुस्कारचे वंशज कुणाच्या दारात मोर्चा घेऊन येत नाहीत, ही एर्जेची केवढी सोय!

एर्जेची पूर्ण झालेली शेवटची कथा 'टिनटिन अँड द पिकारोज', 1976 सालची. सॅन थिओडोरोसमध्ये आता जनरल टापिओका सत्तेवर आहे, त्याच्या पाठीशी बोर्डुरियाचे सल्लागार. जंगलात जनरल अल्काझार क्रांतीची तयारी करतो, त्याच्या पाठीशी एक केळी-कंपनी. ग्वाटेमालात 1954 मध्ये सरकार उलथलं, तेव्हा युनायटेड फ्रूट कंपनीचं नाव सर्वांच्या तोंडी होतं. एर्जेच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. टिनटिनच्या मदतीनं क्रांती होते, तीही कार्निव्हलच्या गर्दीत, जवळपास रक्ताविना. पुस्तकात आधी एका झोपडपट्टीचं चित्र येऊन गेलेलं असतं: कचरा, दोन पोलीस आणि टापिओकाचा जयजयकार करणारी पाटी. शेवटी टिनटिनचं विमान तशाच झोपडपट्टीवरून जातं. पाटीवरचं नाव अल्काझारचं झालंय, पोलिसांचा गणवेश बदललाय. कचरा होता तिथेच.

उघड नाव घेण्याचं धाडस कुणी केलंच नाही, असं नाही. डिसेंबर 1940 मध्ये न्यूयॉर्कच्या स्टॉलवर आलेल्या कॅप्टन अमेरिकाच्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर हिटलरला जबड्यावर ठोसा बसला होता, आणि अमेरिका युद्धात उतरायला अजून वर्ष होतं. जो सायमन आणि जॅक कर्बी यांना धमक्या आल्या. महापौर लागार्डिया यांनी पोलीस संरक्षण दिलं. त्याच कर्बीनं पुढे स्टॅन लीबरोबर डॉक्टर डूम आणि त्याचा लॅटव्हेरिया उभा केला. शीतयुद्धातल्या पूर्व युरोपची सगळी अंधारी स्वप्नं त्या एका किल्ल्यात मावली. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेसाठी 1988 मध्ये एक्स-मेनच्या कथेत जेनोशा आला, जिथली भरभराट म्युटंट गुलामांच्या श्रमावर उभी होती.

2025 च्या जुलैत आमचा वाचक मुलगी आणि नातवाबरोबर नवा सुपरमॅन बघायला गेला. पडद्यावर बोराव्हिया नावाचा शस्त्रसज्ज देश जऱ्हानपूर नावाच्या गरीब शेजाऱ्यावर चालून जातो. एका बाजूला रणगाडे, दुसऱ्या बाजूला काठ्या घेतलेली माणसं. बोराव्हियाला शस्त्रं पुरवतो लेक्स लूथर, जमिनीतल्या वाट्याच्या बोलीवर. सुपरमॅननं मध्ये पडल्यामुळे अमेरिकन सरकार अडचणीत येतं, कारण बोराव्हिया त्यांचा मित्रदेश.

परतीच्या वाटेवर गाडीत जुंपली. मुलीचं म्हणणं, हा सरळसरळ युक्रेनवरचा हल्ला. बोराव्हियाच्या राष्ट्राध्यक्षाचं बोलणं ऐकलं नाहीस का? नातू म्हणाला, गाझा. कुंपणाजवळची गर्दी पाहिली नाहीस का? मग त्यानं मोबाइल काढला आणि बोराव्हिया शोधला. हा देश सुपरमॅनच्या 1939 च्या अंकातला निघाला.

"आजोबा, म्हणजे दोन्ही नाही. मग तेव्हा हा कोण होता?"

"स्पेन असावा. तिथली यादवी त्याच वर्षी संपली. त्या गोष्टीतही यादवीच आहे, आणि तिच्यावर पैसे करणारा एक कारखानदार."

"म्हणजे कुणीही बसतं त्यात?"

"कुणीही नाही. रणगाडे ज्याच्याकडे, तो."

मुलीनं सिग्नलला ब्रेक लावला आणि मागे न बघता म्हणाली, "मग युक्रेनच." नातवानं लगेच तोंड उघडलं.